मोठ्या बाईंना कोण रागावणार

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उंचीने मात्र सगळ्या शिक्षकांत लहान. आठवीतली पोरंसुद्धा त्यांच्या डोक्यावरून पलीकडचा फळा वाचायची. नवा पालक कार्यालयाच्या दारात त्यांनाच विचारायचा, "मोठ्या बाई कुठे भेटतील?" मग या म्हणायच्या, "बसा, बोलावते." आत जायच्या, खुर्चीत बसायच्या आणि तिथून हाक मारायच्या, "या, आल्या मोठ्या बाई." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की आम्हाला त्याचा वीट आला होता.

मी त्याच शाळेत गणित शिकवते. मुलं मला तोफ म्हणतात. मला हे माहीत नाही असा त्यांचा समज आहे, आणि तो मी तसाच राहू दिलाय. राग माझ्या नाकावर असतो, खोटं कशाला सांगू. वर्गात असतो तसाच शिक्षकांच्या खोलीत असतो, आणि सगळ्यात जास्त मोठ्या बाईंच्या कार्यालयात असायचा. वेळापत्रकावरून, परीक्षेच्या तारखांवरून, खडूच्या दर्जावरूनसुद्धा आम्ही कडाकडा भांडायचो. शिपाई बाहेर चहाचे कप घेऊन उभा राहायचा. आतला आवाज उतरला की दार ढकलून यायचा, आणि आम्ही दोघी काही झालंच नाही अशा थाटात चहा प्यायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून काचेच्या बाटल्यांचा कारखाना आहे. आमच्या निम्म्या मुलांची घरं त्या कारखान्यावर चालायची. मोठ्या बाईंचे यजमानही तिथेच होते, दुरुस्ती खात्यात. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या तासाला कारखान्याची मोठी भट्टी फुटली.

आवाजाचं काय सांगू? फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात तिथेच राहिला, आणि पुढच्या क्षणी मागच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा वर्गात. मुलं किंचाळायला लागली. मी त्यांना बाहेर काढेपर्यंत मोठ्या बाई मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या. दंडाला काच लागून बाही लाल झालेली, आणि त्याची त्यांना शुद्ध नाही. हजेरीची पुस्तकं आत राहिली होती. त्यांनी प्रत्येक वर्गाला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या बाकावर शेजारी कोण बसतं? हात धरून दाखवा." दोन मिनिटांत सगळी शाळा जोडीजोडीने हात धरून उभी. ज्यांचा हात रिकामा राहिला त्यांच्या शेजारची मुलं तेवढी शोधायची राहिली, आणि तीही स्वच्छतागृहात सापडली. मला तरी त्या घटकेला असं काही सुचलं नसतं.

खरी परीक्षा पुढे होती. कारखान्यातून काळा धूर वर चढला, आणि मोठी मुलं फाटकाकडे धावली. कुणाचा बाप आत होता, कुणाची आई. मोठ्या बाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "घरचं मोठं माणूस न्यायला आल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही," म्हणाल्या. एका दहावीच्या मुलाने त्यांना ढकललंसुद्धा. त्यांनी त्याचा हात पकडला आणि सोडलाच नाही, तो शांत होईपर्यंत. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाई, आज यजमान पहिल्या पाळीला..." त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही फाटकाची डावी बाजू धरा."

मी डावी बाजू धरली. एकेक घरातून कुणी ना कुणी येत गेलं, पोरं जात राहिली. दुपारी कारखान्यातला एक माणूस फाटकाशी आला. त्याने पायांकडे बघत मोठ्या बाईंना सांगितलं की तुमचे साहेब सापडले, पण आता उपयोग नाही. बाईंनी मान हलवली. मग त्याला विचारलं, "आणखी कोण कोण?" त्याने सांगितलेली नावं ऐकली, आणि ज्यांना न्यायला अजून कुणी आलं नव्हतं त्या मुलांपाशी मैदानात जाऊन मांडी घालून बसल्या. शेवटचं मूल घरी गेल्यावरच त्या नवऱ्याकडे गेल्या. मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

शाळा-समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं, उरलेलं वर्ष शाळा बंद ठेवू, दुःखाचे दिवस आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलं घरी बसून भिंतीकडेच बघणार. मग शाळेच्या भिंतीकडे बघू देत. तिथे निदान नकाशे आहेत." आणि शाळा उघडली. खिडक्यांना नव्या काचा त्यांनी बसवू दिल्या नाहीत, तारेची जाळी लावून घेतली. बाकांच्या पायांना खाली जुन्या टायरचे तुकडे ठोकून घेतले, म्हणजे बाक सरकताना मुलं दचकायला नकोत. आणि घंटा बंद केली. आमचा शिपाई गेली कित्येक वर्षं लोखंडी घंटा बडवत आलेला. तो आता वर्गावर्गाच्या दारात जाऊन अदबीने सांगायचा, "तास संपला बरं का." पहिल्या दिवशी तो बिचारा इतका लाजला की आमच्या वर्गात यायलाच विसरला.

हे सगळं त्यांनी केलं, आणि घरी जाऊन रिकाम्या घराचं कुलूप उघडलं. मी रोज बघत होते आणि रोज थक्क होत होते. आमच्यापैकी कुणाच्यात एवढं बळ नव्हतं. पण याच काळात त्यांनी एक चूक केली, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून पुरी केली.

बैठकीत त्यांनी सांगितलं, "ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्या मुलांना सांभाळून घ्यायचं. कुणी आवाज चढवायचा नाही. पुढच्या बाकांवर बसवा, लक्ष राहील. गृहपाठ नसला तर विचारू नका. गुणांच्या बाबतीत हात सैल सोडा." ऐकायला कसं छान वाटतं. मला मात्र ते पटलं नव्हतं. एरवी मी तिथल्या तिथे टेबलावर हात आपटला असता. पण ज्या बाईचा नवरा नुकताच गेलाय तिच्याशी भांडायचं कसं? मी "हो बाई" म्हणाले. चित्रकलेचे सर "हो बाई" म्हणाले. सगळी खोली "हो बाई" म्हणाली, आणि शिपाई कुणी न मागता चहा घेऊन आला.

आता वकिलाबद्दल सांगायला हवं. वकील म्हणजे नववीतली एक मुलगी. हे नाव तिला मीच दिलं होतं. अर्ध्या गुणासाठी ही पोरगी माझ्याशी मधली सुट्टीभर वाद घालायची. "बाई, रीत बरोबर आहे, उत्तर चुकलंय, मग रीतीचे गुण कुठे गेले?" मी तिला झापायची, ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. डोकं उठवायची माझं. आणि मनातल्या मनात मला ती फार आवडायची.

तिचे वडील भट्टीवरच कामाला होते. त्या दिवसानंतर ती शाळेत आली तेव्हा पुढच्या बाकावर बसली, सांगितलं तशी. चाचणी झाली. तिने दहा गुणांच्या मोठ्या गणितात चिन्हांचा असा घोळ घातला होता की एरवी मी तिला फळ्यापाशी उभी केली असती. मी तिला दहापैकी नऊ दिले. पेपर परत देताना वाटलं, आता येईल भांडायला, "एक गुण कुठे गेला" म्हणून. तिने पेपर पाहिला, घडी घातली, दप्तरात ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली.

तिच्या वर्गातल्या एका मुलीकडून कळलं की वकिलाचा मामा आलाय, तो तिला आपल्या गावी नेणार, तिथे त्याचं कापडाचं दुकान आहे, ती दुकानात बसणार. शनिवारी निघायचंय. शाळेचं काय, तर शाळा संपली. मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले आणि त्या नऊ गुणांच्या पेपरासकट सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "शनिवारी शाळा सुटली की जाऊ," म्हणाल्या. "तो पेपर आहे का तुमच्याकडे? नसेल तर राहू दे. तिच्याकडे असेल."

वकिलाचं घर म्हणजे दोन खोल्या, एका मजल्यावर अशी सहा घरं, आणि सगळ्यांना मिळून एक जिना. दारातच भरलेली पिशवी ठेवली होती. तिची आई ओट्यापाशी उभी होती, आणि मामा खाटेवर बसले होते. मामा सज्जन माणूस. आम्हाला बघून उठले, स्वतःची जागा दिली, आणि काही विचारायच्या आत म्हणाले, "बाई, मी जबरदस्ती करत नाही हो. मी हिच्या आईला आणि हिला दोघींना म्हटलं होतं, शिकू दे, मी बघतो काय लागेल ते. पोरीनेच सांगितलं, मला घेऊन चल."

आई म्हणाली, "माझं ऐकत नाही. तुम्ही तरी विचारा."

पोरगी खिडकीपाशी पाय दुमडून बसली होती. उठली, नमस्कार म्हणाली, पुन्हा बसली. मोठ्या बाई तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. मी बसावं की उभं राहावं या गोंधळात उभीच राहिले.

"शाळा का सोडतेस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी नाही सोडली," ती म्हणाली. "तुम्हीच सोडून दिलंत मला."

आईने "अगं" म्हणून हात वर केला. मोठ्या बाईंनी तिला खुणेने थांबवलं.

मग पोरीने दप्तरातून तो पेपर काढला आणि माझ्यापुढे धरला. "बाई, हे गणित बरोबर आहे का?"

मी, तोफ, नववीतल्या मुलीची नजर चुकवून दारातल्या पिशवीकडे बघायला लागले.

"चूक आहे," ती म्हणाली. "मला घरी आल्यावर कळलं. मग नऊ कसे? मी बरोबर लिहिलं काय, चूक लिहिलं काय, आता सारखंच ना? मग कशाला लिहू?"

मला वाटलं, मोठ्या बाई आता समजावतील. बाळा, आम्ही प्रेमापोटी केलं, तुझं भलं व्हावं म्हणून केलं, असं काहीतरी. मुख्याध्यापकांना ते चांगलं येतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी पेपर बघितला आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. यांनी माझ्या सांगण्यावरून गुण दिले. मी सगळ्यांना सांगितलं होतं, तुम्हाला रागवायचं नाही."

"का?"

"मला वाटलं, तुम्हाला आधीच पुष्कळ झालंय." मग पुढचं बोलताना त्यांचा आवाज मुख्याध्यापकांचा राहिला नाही. "मला कळायला हवं होतं गं. कारण माझ्याही बाबतीत तेच चाललंय. आमचे हे गेल्यापासून मला कुणी एका शब्दाने रागावलेलं नाही. या तोफबाई बघ. माझ्याशी भांडल्याशिवाय यांना घास गोड लागायचा नाही. आता मी काहीही म्हटलं की 'हो बाई'. मी चुकीचं बोलले तरी 'हो बाई'. कधी कधी मला वाटतं, मी माणूस आहे की भिंतीवरचा फोटो?"

तोफ हे नाव त्यांना माहीत होतं, याचा धक्का मला बसायला हवा होता. पण त्या क्षणी मला माझंच 'हो बाई' टोचलं आणि डोळ्यांसमोरची खोली धूसर झाली.

पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मोठ्या बाई उठल्या, कपडे झटकले, आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. हाताची घडी, मान थोडी खाली, अगदी वर्गात बोलणी खायला उभं राहतात तसं. म्हणाल्या, "चूक केली तर रागावतात ना? मग मला रागाव. जे वाटतं ते सगळं बोल. मी मध्ये बोलणार नाही."

आईने कपाळाला हात लावला. मामा खाटेवरून उठायला लागले, मी त्यांना डोळ्यांनीच दटावून बसवलं. मला वाटलं, संपलं, ही काही बोलायची नाही. आणि मग ती बोलायला लागली. आधी अगदी हळू.

"तुम्ही आम्हाला पुढच्या बाकावर आणून बसवलंत. सगळ्या वर्गाला आमच्या माना दिसायच्या. कुणाचे बाबा गेलेत ते मागून मोजता यायचं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हो."

"मध्ये बोलणार नाही म्हणालात."

मोठ्या बाई गप्प झाल्या.

"डबा खाताना माझ्याशी कुणी भांडत नाही. माझा डबा कुणी पळवत नाही. माझी मैत्रीण माझ्याशी कट्टीसुद्धा करत नाही, तिला बाईंनी सांगितलंय, हिच्याशी नीट वाग. बाबा गेले ते गेलेच, वर तुम्ही माझ्या मैत्रिणीपण घालवल्यात. गृहपाठ नाही केला तर कुणी विचारत नाही. मी मुद्दाम केला नाही. रोज केला नाही, बघायला, की कुणी विचारतंय का. कुणी नाही विचारलं. तुम्हाला कळत कसं नाही? एवढ्या मोठ्या बाई आहात तुम्ही." तिचा आवाज आता चढला होता, शेजारच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. "बाबा विचारायचे. नऊ मिळाले तरी विचारायचे, एक कुठे गेला. आता नऊ मिळालेत आणि एक कुठे गेला ते कुणीच विचारत नाही. कुणीच..."

आणि इथे ती फुटली. तिची आई मला नंतर म्हणाली की वडील गेल्यापासून पोरगी रडलीच नव्हती, घरातल्या सगळ्यांचा जीव त्यामुळे टांगणीला लागला होता. ती अशी रडली की मामांनी तोंड फिरवलं. मोठ्या बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. तशाच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून, तिचं पुरं होईपर्यंत. मी इतकी वर्षं शाळेत आहे, शिक्षण खात्याचे साहेब पाहिलेत, समित्या पाहिल्यात, भाषणं तर विचारू नका. पण शाळेची मुख्याध्यापिका एका विद्यार्थिनीपुढे मान खाली घालून बोलणी खाते, आणि त्याने तिचं काडीचंही कमी होत नाही, हे मी एकदाच पाहिलं.

बऱ्याच वेळाने मोठ्या बाईंनी विचारलं, "आणखी काही?"

"सध्या नाही," पोरगी नाक पुसत म्हणाली.

"बाक मी परत मागे नेते. बाकीचं सोमवारपासून. आणि बाई," त्या माझ्याकडे वळल्या, "हा पेपर नीट तपासा."

मी तिथेच, ओट्याला टेकून, पेन काढून तपासला. लाल शाई बरोबर जागी पडली. "चार," मी म्हणाले. "चिन्ह कुठे गिळलंस? कंस सोडवताना डोळे मिटले होते का? नववीत आहेस तू." आवाज पहिल्यासारखा निघाला की नाही ते मला माहीत नाही, पण तिने मान वर केली आणि पेपर माझ्या हातातून ओढून घेतला, बघायला. आई दारातल्या पिशवीकडे गेली, आणि एकेक करून मुलीचे कपडे बाहेर काढून खाटेवर रचायला लागली. मामांनी काही न बोलता जागा करून दिली. संध्याकाळच्या गाडीने ते एकटेच गेले. सोमवारी वकील मागून तिसऱ्या बाकावर बसली होती.

पण मला सांगायचंय ते त्याच शनिवारचं. आम्ही दोघी जिना उतरून गल्लीत आलो. मोठ्या बाई माझ्या पुढे चालत होत्या. कोपऱ्यावर शटर बंद असलेलं एक दुकान होतं, तिथे त्या थांबल्या, शटरला हात टेकवला आणि रडायला लागल्या. भट्टी फुटली त्या दिवशी नाही, त्यानंतर कधी नाही, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. येणारे जाणारे बघायला लागले. मी पुढे होऊन रस्त्याच्या बाजूने उभी राहिले. त्या इतक्या लहानशा की माझ्यामागे पूर्ण झाकल्या गेल्या.

"ते मला रोज रागवायचे," त्या म्हणाल्या. "मी चपला दारात आडव्या टाकते म्हणून. लग्न झाल्यापासून रोज. आता रोज तशाच पडलेल्या असतात, आणि घरात शिरताना त्या ओलांडून जायला कुणी नसतं."

त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा, असं फार वाटलं मला. डोळे तर माझेही वाहत होते. पण मी कमरेवर हात ठेवले आणि वर्गात काढते तो आवाज काढला. "मग सरळ ठेवायच्या. वय काय तुमचं? पाय अडकून पडलात, हाड मोडलं, तर शाळा कोण बघणार? आणि जेवणाचं काय चाललंय? गाल बघा कसे बसलेत. मला सगळं दिसतं, इतके दिवस बोलले नाही एवढंच. उद्या मी घरी येणार आहे, आणि चपला आडव्या दिसल्या तर बघा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. नाक लाल, डोळे सुजलेले. मग रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. तुमच्या घरी कामं नाहीत का?"

"ते मला सांगू नका," मी म्हणाले, आणि आम्ही भांडत भांडत शाळेपर्यंत गेलो.